फॉर्ममधली रिकामी जागा

अमेरिकेतल्या टँपा शहरातल्या लोरेटाने अंगात पुन्हा जोर यावा म्हणून एका क्लिनिकमधून आणून दोन महिने पोटात पेप्टाइड नावाच्या औषधाची इंजेक्शनं घेतली. झोप सुधारली, पण बोटं सुजून बधिर झाली. क्लिनिकवाले म्हणाले, "होतं असं, पाणी साठतं."

तिची नर्स बहीण मेव्ह साबण लावून लोरेटाच्या बोटात अडकलेली अंगठी काढत होती. तिने विचारलं, "याने वाढीचं हार्मोन वाढतं, आणि त्याने कॅन्सर उलटूही शकतो. तुझी स्तनातली कॅन्सरची गाठ काढली होती, ते सांगितलंस त्यांना?"

"फॉर्ममध्ये लिहिलंच नाही. लिहिलं असतं तर औषध दिलं नसतं."

"धन्य आहेस, बाई."

लोरेटाने त्याच दिवशी इंजेक्शनं थांबवली आणि तपासण्या करून घेतल्या. साखर वाढली होती; गाठ मात्र नव्हती. महिन्याभरात बोटं मोकळी झाली. तरी आंघोळ करताना तिचा हात अजून काखेपाशी थबकतो.