काठावरचे पुंजके

मशीन चुकतं, असं हेमराज सरांसमोर बोलायची हिंमत आमच्या लॅबमध्ये कोणाचीच नव्हती. सर मुख्य टेक्निशियन. रक्त मोजणाऱ्या त्या मशीनला ते रोज सकाळी उदबत्ती ओवाळायचे. मी डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या कोर्सच्या, दुसऱ्या वर्षाची शिकाऊ दीपमाला, सक्करदऱ्याच्या एका खासगी हॉस्पिटलात तीन महिन्यांसाठी आलेली. माझं काम नळ्यांवर नावं लिहायचं आणि गप्प बसायचं. पहिलं मला जमतं. दुसरं माझ्या आईलाही माझ्याकडून कधी करून घेता आलं नाही.

त्या मंगळवारी सकाळी आठ वाजता मी सिंधूताईंचं रक्त घ्यायला वॉर्डात गेले. काटोलकडच्या, संत्र्याच्या बागेवाल्या, पन्नाशीच्या बाई. पित्ताशयात खडे होते आणि अकरा वाजता ऑपरेशन ठरलं होतं. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या बांगड्या पाहून माझी जीभ वळवळली. म्हटलं, मावशी, घरी संत्र्याची बाग आणि बांगड्या अशा? त्या हसल्या नाहीत.

वर्षभरात दोनदा ऑपरेशन ठरलं आणि दोनदा त्यांना परत पाठवलं होतं. रक्त थांबवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, फारच कमी आहेत म्हणे. जरा कापलं तर रक्त थांबणार नाही, या भीतीनं घरच्यांनी त्यांच्या हातातून विळा काढून घेतला, विळी काढून घेतली. काच फुटून लागेल म्हणून हिरव्या बांगड्याही उतरवल्या. पोटातली कळ आली की उशी दाबून पडायचं, एवढंच उरलं होतं.

"बाया इचारतेत, तुया घरवाला बरा हाय ना वं?" त्या म्हणाल्या. "काय सांगू मी त्याहिले?"

मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. रक्त घेतलं, कापूस दाबला. मिनिटभरात थांबलं.

मशीननं आकडा दिला, सतरा हजार. दीड लाखाच्या वर असायला हवा. सरांनी नळीत काडी फिरवून गुठळी आहे का पाहिलं. नव्हती. पुन्हा चालवलं, सोळा हजार. सरांनी ऑपरेशन थिएटरला कळवायला फोन उचलला. माझ्या डोळ्यांसमोर त्या प्लास्टिकच्या बांगड्या आल्या आणि डोकं तापलं. मी म्हणाले, सर, थांबा. सतरा हजारवाल्या बाईचं रक्त मिनिटात कसं थांबतं? मी त्यांना विचारलंय, हिरड्यांतून रक्त नाही, अंगावर डाग नाहीत. मला एक स्लाइड बघू द्या.

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची उदबत्तीच विझवली होती. मग घड्याळ पाहिलं.

"वीस मिनिट," ते म्हणाले. "मंग मी फोन लावून राहिलो."

काचेवर रक्ताचा एक थेंब, दुसरी काच तिरपी धरून एका झटक्यात पुढे. पातळ पापुद्रा सुकला, रंग घातला, पाणी घातलं. दहा मिनिटं वाट पाहायची होती. मी तेवढ्यात चार वेळा लॅबच्या दारापर्यंत जाऊन आले. धुऊन, सुकवून स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. कॉलेजात शिकवल्याप्रमाणे पेशी सुट्या सुट्या दिसतात तो भाग पाहिला. लाल पेशी छान, पांढऱ्या छान. प्लेटलेट? इथे एक, तिथे एक. मागून सरांनी विचारलं, झालं का समाधान?

आमचं घर उमरेडच्या विणकरांचं. माझे बाबा जागेश्वर कोणतंही कापड हातात आलं की आधी काठ बघतात. मधून सगळंच गोड दिसते, पोरी, खोट काठावर येते, असं त्यांचं म्हणणं. ती खोड माझ्या हातात उतरली आहे. स्लाइड आपोआप सरकली आणि पापुद्र्याच्या अगदी शेवटच्या, झिरझिरीत काठावर जाऊन थांबली.

तिथे त्या सगळ्या होत्या. मागाखाली सुताचे पुंजके जमतात, तशा जांभळ्या प्लेटलेट वीस-वीस, तीस-तीसच्या घोळक्यानं एकमेकींना बिलगून बसल्या होत्या. मी अशी उठले की गुडघा टेबलावर आपटला. दुखलं ते संध्याकाळी कळलं.

सर वाकले. बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. क्वचित एखाद्या माणसाच्या प्लेटलेट त्या औषधातच चिकटतात आणि मशीनला त्या पुंजक्यातल्या प्लेटलेट मोजताच येत नाहीत. आजार बाईत नव्हता, नळीत होता. वर्षभर नळीतच होता!

"निळ्या झाकणाची नळी ने," सर म्हणाले. "पळ."

मी पळाले. त्या नळीत औषध वेगळं असतं. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले, रक्त घेतलं, तशीच खाली आले. सरांनी लगेच मशीनला लावलं. दोन लाख दहा हजार. त्या नळीतल्या पातळ औषधानं रक्त थोडं विरळ होतं आणि आकडा कमी येतो, म्हणून दहावा हिस्सा मिळवायचा. दोन लाख एकतीस हजार! मला नाचावंसं वाटत होतं, आणि खरं सांगते, मी थोडी नाचलेही. पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी दोन्ही नळ्यांच्या स्लाइडी पाहून सही केली. ऑपरेशन अकराऐवजी एकला झालं आणि नीट झालं. सरांनी भिंतीवर कागद चिकटवला: प्लेटलेट कमी दिसल्या तर स्लाइड पाहावी, काठासकट. उदबत्ती मात्र चालूच आहे.

आठ दिवसांनी टाके काढून सिंधूताई लॅबमध्ये आल्या आणि माझ्यासमोर बसून त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. मी कागद चाळले. म्हटलं, मावशी, तुमची तर कोणतीच तपासणी लिहिलेली नाही.

"माहीत हाय मले," त्या म्हणाल्या. "काही काढू नको. तुले आवाज आयकवाले आली."

आणि त्यांनी हिरव्या काचेच्या बांगड्यांनी भरलेले दोन्ही हात हलवले.