एका प्लेट भज्यांचा बाप

छकुलीने शाळेत डबा संपवला की नाही, हे बारामतीत ठिबक सिंचनाच्या दुकानात बसलेल्या दीपकला मोबाइलवर कळत असे. त्याची बायको राजेश्वरी पालकांच्या तीन ग्रुपवर होती: एक शाळेचा, एक फक्त आयांचा आणि तिसरा पहिल्या दोघांना नावं ठेवायला. पोरगी तिसरीत, पण परीक्षा आली की घरात टीव्ही बंद, पाहुणे बंद, आणि नवरा-बायको मिळून पाढे पाठ करत बसायचे.

दीपकच्या वेळी असं काही नव्हतं. त्याचे वडील दत्तोबा, ज्यांना सगळे आबा म्हणत, लासुर्ण्याचे ऊसवाले. पोराला पहिलीत मास्तरांच्या पदरात घालून जे माघारी फिरले, ते शाळेकडे पुन्हा फिरकलेच नाहीत. पोरगं कितवीत आहे असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "असंल आठवी-नववीत. पुस्तकं जाड झाल्यात." उसाचं आपण बघायचं, पोराचं मास्तरांनी बघायचं, अशी त्यांची सरळ वाटणी होती. दुष्टपणा नव्हता हो त्यात. त्या काळी सगळ्याच बापांची तीच रीत होती.

म्हणून छकुलीच्या शाळेने 'आजी-आजोबा दिवस' काढला तेव्हा दीपकला वाटलं, आबा काही यायचे नाहीत. पण आबांनी फोनवर दोनदा विचारून घेतलं, "मलाच बोलावलंया न्हवं? नाव लिवून?" आणि नवंकोरं धोतर, कडक इस्त्रीची टोपी घेऊन आदल्या दिवशीच बारामतीत हजर झाले. संध्याकाळभर छकुली त्यांना शाळेत कसं बसायचं ते शिकवत होती आणि आबा मुकाट्याने हाताची घडी घालत होते. इतके खुशीत दीपकने त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात ग्रुपवर पत्रिका आली. प्रमुख पाहुणे, निवृत्त शिक्षक भोईटे सर. ते वाचून दीपकने मोबाइल उलटाच ठेवला.

भोईटे सर त्याचे नववीचे वर्गशिक्षक. तेव्हा दीपक लासुर्ण्याहून एसटीने बारामतीच्या शाळेत यायचा. एकदा शाळा बुडवून कालव्यात पोहताना सापडला. सर म्हणाले, वडिलांना आण, नाहीतर वर्गात पाय ठेवू नकोस. आता आबांना सांगावं तर त्यांच्या नाकावर राग. शाळा सुटणार आणि हातात खुरपं येणार हे नक्की. दीपक रडवेला होऊन स्टँडवर बसला. शेजारी रिकामी पाटी घेऊन एक माणूस एसटीची वाट बघत होता. वरकुट्याचे रामभाऊ, आठवडे बाजारात वांगी विकून निघालेले. "काय झालं रं?" म्हणाले, आणि दीपकने सगळं सांगून टाकलं. मग भीत भीत विचारलं, "एक प्लेट भजी देतो. तेवढं बाप व्हाल का?"

रामभाऊंनी भजी खाल्ली आणि बाप झाले. पण असे झाले की विचारता सोय नाही. सरांसमोर त्यांनी दीपकच्या एक मुस्काटात ठेवून दिली, जी बोलीत अजिबात नव्हती. वर पुढच्या बाजारी न बोलावता शाळेच्या दारात उभे. "गुर्जी, काय म्हणतंय आमचं पोरगं?" त्याच्याही पुढच्या बाजारी तेच. दीपक हातापाया पडला, "तात्या, आता नका येऊ." रामभाऊ म्हणाले, "भजी खाल्ल्यात मी. आता अर्ध्यावर सोडता येत न्हाय." त्यांचा स्वतःचा मुलगा संघपाल तेव्हा इंदापूरला शिकत होता, तिकडेही त्यांची अशीच फेरी असायची. दहावीच्या निकालाला ते पेढे घेऊन आले, आणि दीपक त्यांच्या पाया पडला तेव्हा ते नाटक राहिलं नव्हतं.

आता संघपाल बारामतीत इंजिनिअर होता, रामभाऊ त्याच्याकडेच राहत, आणि त्यांची नात मोनाली छकुलीच्याच शाळेत. रस्त्यात भेटले की दीपक वाकून नमस्कार करायचा. घरी मात्र तीस वर्षांत त्याने यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. पहिल्यांदाच शाळेत मान मिळणार म्हणून आबा हरखलेत, आणि तिथेच त्यांना कळणार की पोराने दुसराच बाप उभा केला होता! दीपक तडक रामभाऊंकडे गेला.

"तात्या, उद्या मला ओळख दाखवू नका."

रामभाऊ खो खो हसले. "बाप हो म्हनलास, बाप झालो. आता अनोळखी हो म्हनतूस? बरं, होतो. भजी मातुर पडतील."

दुसऱ्या दिवशी शाळेचं सभागृह आजी-आजोबांनी फुलून गेलं. आबा पहिल्या रांगेत, हाताची घडी पक्की. रामभाऊ त्याच रांगेत, चार खुर्च्या सोडून, भलतीकडे बघत. सगळं सुरळीत चाललं होतं. मग भोईटे सर बोलायला उभे राहिले. त्यांची नजर रांगेवरून फिरली, थांबली आणि चेहरा उजळला.

"इतकी वर्षं शिकवलं मी," सर म्हणाले, "पण दर बाजाराला शाळेत येऊन पोराची चौकशी करणारा बाप एकच पाहिला. दीपकचे वडील! आज ते इथे बसलेत. जरा उभे राहा हो."

आबा उभे राहिले.

दर बाजाराचं काही त्यांच्या ध्यानात आलं नसावं. दीपकचे वडील एवढंच ऐकू आलं आणि ते टोपी सारखी करून, छाती काढून उभे राहिले. टाळ्या सुरू झाल्या. सर गोंधळले. "तुम्ही नाही हो आजोबा, बसा. ते, ते पलीकडचे."

"हेच माझ्या पप्पांचे वडील आहेत!" छकुली मागून ओरडली.

टाळ्या विरल्या. आबांनी आधी सरांकडे पाहिलं, मग रामभाऊंकडे, मग दीपककडे. दीपकला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण आबा सगळ्यांदेखत तसेच उभे होते आणि ते त्याला बघवेना. तो पुढे गेला. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, पण गुन्हा केलेल्या पोरासारखा मान खाली घालून त्याने कालव्यापासून भज्यांपर्यंत सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "आबा, तुमी शाळा सोडवाल म्हणून भ्यालो हुतो."

आबा चार खुर्च्या ओलांडून रामभाऊंसमोर गेले.

"किती वरीस जात हुता?"

"दहावी सुटंस्तवर," रामभाऊ उठून म्हणाले. "रागावू नका, दत्तोबा. पोरगं गोड हुतं."

आबांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, घट्ट. तो तसाच धरून ते भोईटे सरांकडे वळले.

"मास्तर, मी लासुर्ण्याचा दत्तोबा. दीपकचा बाप. यायला जरा उशीर झाला." मग विचारलं, "पोरगं अभ्यासात कसं हाय?"

सभागृहात कुणी हसलं नाही. भोईटे सर मंचावरून खाली आले, चष्मा नीट केला आणि वर्गात बोलावं तसं बोलले, "गणितात हुशार आहे. अक्षर बरं आहे. मागच्या बाकावर बसतो आणि थोडं खोटं बोलतो. पण ते तुम्हाला भिऊन."

"मारकुटा न्हाय मी," आबा म्हणाले. "त्येला सांगा, भिऊ नगं म्हनावं."

दीपकच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. राजेश्वरीच्याही. तिन्ही ग्रुपवर काय टाकावं हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच सुचेना. छकुली मात्र खुशीत होती. मोनालीला सांगत होती, मला आता दोन आबा आहेत.

कार्यक्रम संपला. दोघे म्हातारे हातात हात घालून फाटकाबाहेर आले. समोरच्या गाड्यावर कढई तापली होती. आबा थांबले आणि मागे वळून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"ए दीपक! दोन पिलेट भजी आण. बापांस्नी भूक लागलीया!"