पेजेच्या रिबिनी

आपल्या अपत्याने लहानपणी आपल्याला कसे पाहिले, हे कळण्याचा योग फार थोड्या पित्यांच्या वाट्याला येतो. आणि तो आला असता, चार लोकांत बसून ते पाहण्याचे धैर्य त्याहूनही थोड्यांना लाभते.

"भीमराव, अहो, बसून घ्या. पडदा काही तुमच्या स्वागताला उठून उभा राहणार नाही," शेजारच्या श्यामलाबाई म्हणाल्या. बिबवेवाडीहून नारायण पेठेतल्या या लहानशा सभागृहापर्यंत भीमरावांना त्यांनीच जवळजवळ ओढून आणले होते.

"मी थोडं बघेन आणि निघेन."

"सांगून कशाला निघायचं? दार उघडंच आहे."

भीमराव दाराजवळच्या खुर्चीवर टेकले. त्यांच्या एकुलत्या एका कन्येने, मैत्रीने, हिंजवडीच्या संगणक कंपनीतील नोकरी सोडून चित्रपट करायला घेतला, तेव्हापासून पितापुत्रींत बोलणे नव्हते. "काचेच्या इमारतीत बसणारी आपल्या घरातली पहिली तू. आणि आपणहून खाली उतरतेस?" एवढेच ते म्हणाले होते. मैत्री वारज्याला मैत्रिणीकडे राहू लागली. त्या चित्रपटाच्या आजच्या खेळाचे आमंत्रणही तिने श्यामलाबाईंच्या तोंडीच धाडले होते.

दिवे मालवले. चित्रपट साधा होता. कॅमेरा लहान, नटमंडळी ओळखीपाळखीची. वस्तीत राहणारी दीपमाला नावाची एक आईवेगळी मुलगी. तिचे वडील रोज पहाटे तिच्या रिबिनी भाताच्या पेजेत बुडवतात आणि पितळी तांब्यात निखारे घालून त्यांना इस्त्री करतात. रिबिनी अशा कडक होतात की सशाच्या कानांसारख्या ताठ उभ्या राहतात, आणि मग दीपमालेला त्यांत रेडिओ ऐकू येतो. मान डावीकडे वळवली की बातम्या, उजवीकडे वळवली की शेतीविषयक सल्ला. मुख्याध्यापक रागावत असताना तिच्या कानी क्रिकेटचे समालोचन चालू असते.

सभागृह खदखदून हसले. श्यामलाबाईही हसल्या.

भीमराव हसले नाहीत. तांब्या त्यांचा होता. पेजही त्यांच्याच चुलीवरची होती. 'आपल्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा ठेवायची नाही. फाटकं चालेल, चुरगळलेलं नाही,' हे त्यांच्या वडिलांनी छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेनंतर घरात घालून दिलेले व्रत होते. पुढे कारखान्यात पत्र्यावरच्या रंगाची तपासणी करताना भीमरावांनी त्या थरातली एकही सुरकुती कधी नजरेआड होऊ दिली नाही. आज तेच व्रत पडद्यावर हास्याचा विषय झाले होते, आणि ते त्यांच्याच लेकीने केले होते.

ते उठले. हात दारावर ठेवला.

पडद्यावर दीपमाला मोठी होऊन वसतिगृहात आली होती. केस मोकळे, रेडिओ मुका. एका सकाळी तिने खाणावळीतून वाटीभर पेज मागून आणली, ट्रंकेच्या तळाची जुनी रिबीन भिजवली, वाफाळत्या चहाच्या स्टीलच्या पेल्याने ती घासून घासून दाबली आणि केसांत बांधली. रिबिनीत बातम्या लागल्या नाहीत, समालोचनही नाही. एक तरुण, किंचित घोगरा आवाज आला :

"मान सरळ ठेव. हं, आता बोल."

भीमरावांनी तो आवाज ओळखला. चौदा एप्रिलच्या भाषणाची तालीम करून घेताना कुणाकडून तरी मागून आणलेला टेपरेकॉर्डर त्यांनी चालू केला होता आणि ते मैत्रीच्या रिबिनी बांधत बसले होते. ती कॅसेट तिने जपून ठेवली होती, हे त्यांना ठाऊक नव्हते.

ते दाराशीच उभे राहिले, शेवटपर्यंत.

दिवे लागल्यावर प्रश्नोत्तरे झाली. एका तरुणाने विचारले, "मॅम, ते वडील एवढे फनी कसे सुचले?"

मैत्रीची नजर दाराकडे होती. "सुचले नाहीत. ते तसेच आहेत. तुम्हाला फनी वाटले, कारण तुमच्या कपड्यांकडे कुणी बोट दाखवलेलं नाही." मग ती म्हणाली, "मलाही तेव्हा वाटायचे."

गर्दी पांगल्यावर ती जवळ आली. "बाबा, तुम्ही उभ्यानंच पाहिलंत?"

"निघालो होतो."

"मग?"

"कुणीतरी मान सरळ ठेव म्हणालं."

दोघेही किंचित हसले. भीमरावांनी तिला नखशिखान्त न्याहाळले. "पुन्हा खेळ कधी?"

"उद्या. वारज्याला."

"या असल्या चुरगळलेल्या कुर्त्यावर?"

"बाबा, हल्ली फॅशन आहे ती."

"असेल. घरी चल."

"जा गं," श्यामलाबाई म्हणाल्या, "नाहीतर रिक्षातच इस्त्री सुरू करतील."

सकाळी विजेची इस्त्री कपाटातच राहिली. निखारे नव्हते, म्हणून भीमरावांनी तांब्यात उकळते पाणी भरले. मैत्रीने कुर्त्याचे दुसरे टोक ताणून धरले. बाहीवर एक सुरकुती काही केल्या जाईना. भीमरावांनी त्या सुरकुतीकडे एकदा पाहिले, मग तांब्या बाजूला ठेवून म्हणाले, "राहू दे तेवढी."

त्या पित्याच्या हाताची ऊब अशीच राहो; त्या कन्येची मान सदैव सरळ राहो.