परतीचा पाइप

"थोडं थांबलं की येतं गरम पाणी. लोकांना धीर नाही, एवढीच अडचण आहे," अध्यक्ष म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

सोसायटीची सभा चालू होती. दाराशी उभ्या असलेल्या नळभाऊंनी दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त सिस्टरांकडे पाहिलं. त्या हातरुमालाची घडी घालत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घालत होत्या. सांधेदुखीने त्यांची बोटं वाकली होती. पहाटेच्या गार पाण्याने तर ती तासभर लाकडासारखी होत.

नळभाऊ या चौदा मजली इमारतीचे प्लंबर. खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. बावीस वर्षांत इथला प्रत्येक पाइप त्यांच्या हाताखालून गेला होता आणि कुठल्या घराचा नळ कोणत्या सुरात गळतो, हेही त्यांना ठाऊक होतं. गच्चीवरचे सोलर पॅनेल बसवतानाही ते हजर होते. टाकीतलं पाणी भांडी घासण्याजोगं कढत असे. वरच्या मजल्यांना ते नळ फिरवताच मिळे. पण खाली येणाऱ्या उभ्या पाइपात रात्रभर पाणी साचून गार होई आणि तळाच्या मजल्यांना सकाळी आधी ते सगळं सोडून द्यावं लागे. बादल्याच्या बादल्या. तोवर माणसाची कामाची वेळ व्हायची.

तक्रारींना कंटाळून समितीने उपाय काढला होता. खालच्या सहा मजल्यांची सोलरची लाइन तोडायची, त्यांनी विजेचे गिझर लावावेत. बाल्कनीत छोटे पॅनेल लावू, असं एकाने सुचवलं होतं. पण समोरच्या इमारतीच्या सावलीमुळे खालच्या बाल्कन्यांत ऊन जेमतेम तासभर टिकायचं. लाइन तोडायचं काम अर्थातच नळभाऊंचं. मुदत सोमवारची.

सभा संपल्यावर जिन्यात सिस्टर त्यांना म्हणाल्या, "तोडा हो. तुमचा काय दोष? गिझर घेईन मी. वाट बघण्यात अर्धा जन्म गेला, आता उरलेला तरी वाचेल."

त्या हसल्या, पण नळभाऊंच्या जिवाला लागलं. घरी बायकोने ताट वाढलं तरी ते बोटाने पाटावर रेघा ओढत होते. एक खाली, एक वर.

"जेवताय की नकाशा काढताय?" बायकोने विचारलं.

"पाणी बसलं की गार होतं बघ," ते म्हणाले. "त्याला बसूच द्यायचं नाही. खालून परत वर न्यायचं. एक पाइप, एक लहानसा पंप."

"मग हे मला का सांगताय? अध्यक्षांना सांगा."

"ते ऐकून घेतील का?"

"ऐकत नसतील तर दाखवा."

अध्यक्ष राहत चौदाव्या मजल्यावर. त्यांच्या घराच्या पाण्याचा व्हॉल्व्ह महिनाभर गळत होता, ही अगदी खरी गोष्ट. तो कधी बदलायचा, हे मात्र नळभाऊंच्या हातात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यांनी बेल वाजवली.

"साहेब, व्हॉल्व्ह बदलतोय. दोन तास पाणी बंद. आंघोळ राहिली असेल तर सिस्टरांकडे सोय केलीय."

अध्यक्षांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. माणूस हुशार होता, डाव ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. पण सभेत बोललेला शब्द अंगावर होता. "चला, होऊन जाऊ दे," म्हणत त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि लिफ्टने खाली आले.

सिस्टरांनी न्हाणीघराचं दार उघडून दिलं. आतून नळाचा आवाज आला. एक बादली भरली, मग दुसरी. तिसरीला अध्यक्षांचा आवाज आला, "येईल, येईल." पाचवीला नुसतं पाय आपटणं ऐकू आलं. सहाव्या बादलीनंतर त्यांनी विचारलं, "सिस्टर, नेहमी किती लागतात?"

"थंडीत आठ. पण धीर धरा," सिस्टर बाहेरून शांतपणे म्हणाल्या.

सातवीनंतर अध्यक्षांनी तसंच गार पाणी अंगावर घेतलं. बाहेर आले तेव्हा दात वाजत होते आणि मिशा ओल्या चिमणीसारख्या विस्कटल्या होत्या. सिस्टरांनी पुढे केलेल्या चहाच्या कपाला त्यांनी दोन्ही हातांनी विळखा घातला. आधी खोकले, मग हसू लागले, आणि हसता हसता चहा बशीत सांडला. "माझंच चुकलं," ते म्हणाले. "नळभाऊंना बोलवा. त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजतंय, ते कागदावर काढायला सांगा."

नळभाऊंनी जुन्या नोटिशीच्या पाठीवर दोन रेघा काढल्या. समितीने बोलावलेल्या इंजिनिअर बाईंनी त्या पाहून फक्त पाइपाची जाडी बदलली आणि भोवती उष्णता धरून ठेवणारं जाड वेष्टण घालायला सांगितलं.

पुढचे अकरा दिवस नळभाऊ पाइपांच्या अरुंद बोळात लोंबकळत होते. वाटेत खिडक्यांतून कुणी चहा दिला, कुणी विजेरी धरली. सातव्या मजल्यावरच्या आजोबांनी तर रोज "कुठवर आलं?" म्हणून विचारलं. इतकी वर्षं माणसं त्यांना पाणी गेलं की हाक मारत. पाणी यायच्या आधी हाक मारल्याची ही पहिलीच वेळ.

बाराव्या दिवशी सकाळी सिस्टरांच्या न्हाणीघरात दाटी झाली. अध्यक्ष, इंजिनिअर बाई, नळभाऊ आणि हात पुसत आलेली त्यांची बायको. सिस्टरांनी नळ फिरवला. तांब्याभर पाणी गेलं असेल नसेल, आणि आरशावर धुकं चढलं.

बोटांना नीट समजत नाही म्हणून सिस्टरांनी पदर सावरला आणि धारेखाली कोपर धरलं. तीस वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात नवजात बाळांच्या आंघोळीचं पाणी त्यांनी असंच पाहिलं होतं. डोळे मिटून त्या जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"बाळाला चालेल," त्या म्हणाल्या.

मग अध्यक्षांनी सदऱ्याची बाही वर केली आणि कोपर पुढे केलं. इंजिनिअर बाईंनीही केलं. नळभाऊ दाराशीच उभे होते. बायकोने त्यांना कोपराने ढकललं, तेव्हा ते पुढे झाले आणि सावकाश बाही दुमडू लागले.