अक्षता आणि ओले मोजे

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे आणि माझं डोकं फिरलेलं आहे. कारण ऐकाल तर तुमचंही फिरेल.

नाव माझं फ्रेंच, रेनॉ. जन्म मात्र अमेरिकेतला, विस्कॉन्सिनच्या कारखान्यात. १९८३ साली तिथल्याच बॉथेल गावच्या शैलेंद्र कर्णिकांनी मला घेतलं. काका विमानाच्या कंपनीत इंजिनियर. घरी येताच विनीताकाकूंनी मला ओवाळलं, कुंकू लावलं. काकांनी पुढच्या काचेखालच्या जाळीवर मूठभर अक्षता टाकल्या. मी सुखावले. म्हटलं, माणसं चांगली मिळाली!

त्या जाळीखाली एक पन्हळ असते. पावसाचं पाणी तिच्यातून नळीवाटे खाली जातं. हे इंजिनियरला मी सांगायचं? दसऱ्याला अक्षता, पाडव्याला अक्षता, नवा टायर बसवला की अक्षता! तांदूळ भिजले, कुजले, त्यांचा लगदा होऊन नळी बुजली. बॉथेलचा पाऊस म्हणजे घरजावईच, जाता जात नाही. सगळं पाणी माझ्या पोटात.

"डॅड, माय सॉक्स आर वेट अगेन!" काकांची लेक सुलेखा पुढच्या सीटवरून ओरडायची.

गॅरेजवाल्यानं काचेचं रबर बदललं. काही उपयोग नाही. मग काकांनी काय करावं? "गाडीला नजर लागलीय," म्हणून पुन्हा पूजा आणि पुन्हा मूठभर अक्षता! अरे देवा, कपाळ बडवायला मला हात नाहीत हो.

१९८७च्या मार्चमध्ये बातमी आली, रेनॉ अमेरिकेतला आपला धंदा क्रायस्लर कंपनीला विकणार. काकांना आयतंच निमित्त मिळालं.

"बघ, कंपनीच पळाली! आता पार्ट्स कोण देणार? मी भंगारवाल्याला फोन केलाय, शनिवारी ट्रक येईल."

"अहो, मग मी लायब्ररीत कामाला कशी जाऊ?" काकूंनी विचारलं. "इथे बस तरी येते का? दुसरी गाडी यंदा घ्यायची नाही म्हणता. म्हणजे मी पुन्हा घरात बसायचं?"

काकू ड्रायव्हिंग शिकल्या त्या माझ्यावर. त्यांचं ते रडवेलं तोंड बघून मला काकांचा असा संताप आला म्हणता!

शनिवारी सकाळी काकू बादली घेऊन आल्या. "मी भांडंसुद्धा कुणाला घासल्याशिवाय देत नाही," म्हणाल्या आणि मला धुवायला लागल्या. जाळीत पाइनच्या काड्या अडकल्या होत्या. काकूंनी जाळी उचकटली आणि हात घातला. हाताला लागला तो आंबलेला, काळा पडलेला गोळा. तो निघाला मात्र, भडाभडा पाणी माझ्या खालून वाहून गेलं. चार वर्षांनी मी मोकळा श्वास घेतला.

"मॉम, इज दॅट राइस?" सुलेखानं नाक धरलं.

"अहो इंजिनियर," काकूंनी तो गोळा काकांच्या पुढ्यात धरला, "ही बघा तुमची नजर!"

काका ओशाळले. तेवढ्यात ट्रक आला. ते काही बोलायच्या आत काकूंनीच ड्रायव्हरला परत पाठवलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. गळती थांबली म्हणून काकांना एवढा आनंद झाला, की धावत घरात गेले आणि पूजेचं तबकच घेऊन आले.

"ते तबक आत ठेवा," काकू कडाडल्या, "आणि कार्पेट पिळायला या!"

मित्रांनो, आमच्यापुढे हात जोडा, माझी ना नाही. पण जोडून झाले की तेच हात जरा आमच्या चिखलातही घाला.