चमचा पाण्यात

उंची ६,२४०

शिखरावर मी एकटाच उभा होतो आणि खालून दोन माणसं मला शाबासकी देत होती.

"काय दिसतंय, मास्तर?"

"ढग."

"अहो, नुसते ढग? बारा रविवार घासलेत आम्ही. नीट सांगा की."

मी नीट सांगितलं. पलीकडे अजून डोंगर आहेत. सूर्य डाव्या हाताला आहे. बर्फावर माझी सावली लांबच लांब पडली आहे. सांगता सांगता माझ्या डोक्यावर आपोआप एक लाल टोपी आली. शिखर गाठणाऱ्याला ती मिळते.

"आपला एक तरी पोचला," आत्या म्हणाल्या. "बरं वाटलं हो."

दोर दगडावर घासून तुटला, असं त्या दोघांना वाटत असणार.

दोर मी कापला होता.

उंची ०

डोंगर संगणकातला. चढणारे आम्ही तिघं खरे, आपापल्या घरी खुर्चीवर बसलेले, कानाला हेडफोन. एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. दर रविवारी सकाळी सात ते नऊ.

आत्या एक्स-रे काढतात. त्यांना आत्या म्हणायचं कारण, पहिल्याच दिवशी त्यांनी मला "पाठ सरळ करा, आवाज पोटातून येतोय तुमचा," असं सुनावलं. दुसरा गारवा, फ्रिज दुरुस्त करणारा. हे नाव त्याने स्वतःच घेतलं आणि त्यावर स्वतःच हसला. मी मास्तर. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्टर. सव्वीस वर्षं.

तळावर प्रत्येकाला मिळतं:
दोर,
कंदील,
ब्लँकेट,
एक चमचा,
एक चाकू.

चाकू कशासाठी, ते खेळ सांगत नाही. सांगायची गरजही नाही. तिघं एकाच दोराला बांधलेले. एक घसरला की बाकीच्यांनी कीबोर्डवरची लांब कळ दाबून धरायची. धरून ठेवलं की हिरवी पट्टी संपत जाते. ती संपली की सगळेच खाली. दोर कापला तर कापणारा वाचतो. पडलेल्याचं सगळं जातं, कमावलेले कपडे, सामान, आठवडेच्या आठवडे. आणि प्रत्येकाच्या पडद्यावर तेवढीच अक्षरं येतात: दोर तुटला. कुणी कापला की आपोआप तुटला, हे खेळ कधीच सांगत नाही. या दोन शब्दांवरून तिथे रोज शेकडो माणसं एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करत असतात.

म्हणून आमच्या तिघांचा एक रिवाज होता. तळाशी एक नदी आहे. चढायच्या आधी तिच्या काठी उभं राहायचं, चाकू पाण्यात टाकायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "टाकला."

"टाकला," आत्या म्हणाल्या. डुबुक.

"टाकला," गारवा म्हणाला. डुबुक.

"टाकला," मी म्हणालो. डुबुक.

मी चमचा टाकला होता. चमच्याचा आवाज अगदी तसाच येतो.

उंची ०, पण कारखान्यात

माझ्या उस्तादांनी मला दोनच गोष्टी शिकवल्या. खडूची रेघ एकदा मारली की हात थांबवायचा नाही. आणि आपली कात्री दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, खाली ठेवायची नाही, कुणी मागितली तर बहिरं व्हायचं. दर हाताची धार वेगळी बसते. माझी कात्री फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली असते. सव्वीस वर्षांत ती बायकोनेही उघडलेली नाही.

तर सवयीने चाकू टाकवला नाही, असं मी स्वतःला समजावलं. ते निम्मं खरं.

उरलेलं निम्मं असं. आठ महिन्यांपूर्वी कारखान्यात कापणारं मशीन आलं. चाळीस थर एका झटक्यात, पेस्ट्री कापावी तसे. मला काढलं नाही, पण कापायला काही ठेवलं नाही; मशीनशेजारी खुर्ची दिली. मशीन चालवणारी पोरं चांगली आहेत. मला काका म्हणतात.

अख्ख्या आठवड्यात मला मास्तर म्हणणारी दोनच माणसं उरली होती, तीही रविवारी, सात ते नऊ.

उंची ६,२००

बाराव्या रविवारी शिखर चाळीस मीटरवर होतं. मी सगळ्यात वर, मध्ये आत्या, खाली गारवा. गारवा फ्रिजमध्ये सापडलेल्या कुणाच्या तरी कवळीची गोष्ट सांगत होता आणि हसता हसता त्याचा पाय सुटला. त्याच्या ओढीने आत्याही सुटल्या. दोघं माझ्याखाली लोंबकळत राहिली.

"श्वास रोखा!" आत्या ओरडल्या. त्यांची ती सवयच. दिवसभर पेशंटना सांगून सांगून तोंडात बसलेलं.

मी लांब कळ दाबून धरली. पट्टी कमी होत गेली. निम्मी. पाव.

पाव पट्टी शिल्लक होती. हे मला लिहायलाच हवं. तोवर गारवाचा हात एका कपारीपर्यंत पोचत आला होता, हेही.

आणि मी कापला.

त्यांनी "सोडा" म्हणायच्या आधी.

५,९००
"अरे—"
४,०००
"दोर गेला वाटतं!"
१,७००
"मास्तर? मास्तर, तुम्ही आहात ना?"
०
"आहे."
"वाचले! गारवा, मास्तर वाचले! जा, जा वर, आमच्याकडे बघू नका. जा!"

उंची ०, लाल टोपीसह

त्यानंतर दोन रविवार मी कौतुक ऐकत काढले. मी डोंगर उतरून तळावर आलो तेव्हा त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती. अंगावर फाटके सदरे, आणि तक्रार म्हणून नाही.

"या, लाल टोपीवाले!" गारवा म्हणाला. "आता पुढारी तुम्हीच. आम्ही आपलं ओझं वाहतो."

घरात बायको भाजी निवडत ऐकत होती. नऊ वाजता मी हेडफोन काढला तशी म्हणाली, "शिखर गाठलंत ना? मग तोंड एरंडेल प्यायल्यासारखं का?"

"काही नाही."

"खाई त्याला खवखवे."

मग मी तिला सांगितलं. तिने निवडलेली भाजी बाजूला सारली.

"सांगून टाका त्यांना."

"सांगितलं तर दोर सोडतील माझा."

"सोडू देत. खेळच आहे."

"मग मला मास्तर कोण म्हणणार?"

"मी म्हणू?"

"तू म्हणालीस की चेष्टा वाटते."

"चेष्टाच असते ती," ती म्हणाली आणि भाजीच्या उरलेल्या काड्या माझ्यापुढे सरकवल्या. "घ्या. कापाकापीची एवढी हौस आहे तर."

उंची ०, नदीकाठ

पुढच्या रविवारी पुन्हा चाकू टाकायची वेळ आली. आत्यांनी टाकला, गारवाने टाकला. मी काठावर उभा राहिलो.

"मास्तर, टाका की. पाणी आटेल."

"मागच्या वेळी मी चाकू टाकला नव्हता," मी म्हणालो. "चमचा टाकला होता. दोर घासला नाही. मी कापला."

पाण्याचा आवाज येत राहिला. खेळात तो थांबतच नाही.

"माहीत आहे," आत्या म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"चमचा. पहिल्या मुक्कामापासून. सगळे सूप चमच्याने पीत होतो आणि तुम्ही पातेल्याला तोंड लावून. म्हटलं, या माणसाचा चमचा गेला कुठे? मग डुबुक आठवलं."

"मग बोलला का नाहीत?"

"आमच्या कामात बोलत नाहीत. माणूस समोर उभा असतो, कुठे काय मोडलंय ते मला काचेवर दिसतं. पण सांगायचं डॉक्टरने. मी फक्त म्हणायचं, झालं, कपडे घाला. आणि वाटलं, टाकतील कधीतरी. वाटेत चार ओढे लागले होते."

चारही ओढे मला आठवत होते. प्रत्येक ओढ्याशी आत्या जरा रेंगाळल्या होत्या. पाणी किती छान दाखवलंय, म्हणायच्या. मी हो म्हणायचो आणि पुढे व्हायचो.

"चाकू आहे हे माहीत असून तुम्ही माझ्याखाली बांधून घेतलंत?"

"तुम्हाला वर ठेवा, असं मीच म्हटलं होतं. विसरलात?"

बारा रविवार एका बाईने, माझ्या खिशात काय आहे ते बघून, माझ्या दोराला स्वतःचं वजन दिलं होतं. एवढा विश्वास माझ्यावर उस्तादांनीही टाकला नव्हता. पहिली दोन वर्षं ते माझ्या प्रत्येक रेघेवर स्वतःची टेप ठेवून बघायचे.

तेवढ्यात गारवा बोलला. त्याचा आवाज मी ओळखलाच नाही, कारण त्यात हसू नव्हतं.

"म्हणजे यांना माहीत होतं, तुम्हाला माहीत होतं, आणि सगळ्यात खाली मी कवळीच्या गोष्टी सांगत होतो."

"गारवा—" आत्या म्हणाल्या.

"आत्या, तुम्ही विश्वास टाकलात, तो तुमचा. माझं वजन कुणाला विचारून टाकलंत?"

"चुकलं," आत्या एवढंच म्हणाल्या. गारवा निघून गेला. त्याच्या जागी एक ब्लँकेट पडून राहिलं.

उंची ०

उंची ०

उंची ०

तीन रविवार. दोघांनाही चढता आलं असतं. चढलो नाही. तळावर शेकोटी पेटवून बसलो. आत्यांनी रागावून मला हाकलून द्यावं, असं मला दर वेळी वाटायचं. त्या विचारायच्या, "मास्तर, गणवेशाच्या खिशाला कोपरे गोल का कापतात?" मी सांगायचो. कोपऱ्यात माती साठते, पोरांची पेन्सिल टोचते. त्या लक्ष देऊन ऐकायच्या. मशीनलाही हे मीच शिकवलंय, हे सांगताना माझं मलाच नवल वाटलं. खरंच, तो गोल कोपरा माझाच होता. पोरांनी माझ्याच पुठ्ठ्याच्या नमुन्यावरून मशीनला दिला होता.

चौथ्या रविवारी सात वाजून दहा मिनिटांनी ब्लँकेट हललं.

"फ्रिज गार होत नसला," गारवा म्हणाला, नमस्कार नाही चमत्कार नाही, "की गिऱ्हाईक म्हणतं, गॅस भरा. नुसता भरून काय उपयोग? गळती कुठे आहे ते आधी सापडायला लागतं. नाहीतर महिन्याने पुन्हा तेच."

"सापडली का?" आत्यांनी विचारलं.

"दोन ठिकाणी होती. दोन्ही सापडल्या." मग मला म्हणाला, "राग गेलेला नाही हं, मास्तर. पण तो घेऊनच चढेन. एक अट आहे."

"सांग."

"सूप पिऊन निघायचं. सगळ्यांनी. चमच्याने. माझ्यासमोर."

आम्ही तिघांनी पडद्यावर सूप प्यायलं. एक एक चमचा, न बोलता, फोटोला बसल्यासारखे. मग नदीवर गेलो. माझा हात कळेवर होता आणि त्याला घाम आला होता, हसू नका.

"टाकला," मी म्हणालो.

डुबुक.

"आता मध्ये मी," गारवा म्हणाला. "आणि तुम्ही वरच."

उंची ८३०

८३० म्हणजे काहीच नाही. तिथे नवखेसुद्धा पडत नाहीत. पण गारवाला कवळीची राहिलेली गोष्ट सांगायची होती. तो घसरला. त्याच्याबरोबर आत्या.

"श्वास रोखा!"

मी लांब कळ दाबली. ज्या अंगठ्याला सव्वीस वर्षांचा कात्रीचा घट्टा आहे, त्याच अंगठ्याने. पट्टी निम्मी झाली. चाकूची कळ कुठे आहे ते बोटांना अजून माहीत होतं. ती दाबून आता काही झालं नसतं. मला केवढं हलकं वाटलं!

"कपार दिसतेय का, गारवा?"

"दिसतेय. हात पुरत नाही. धरा!"

"धरलंय."

बायको हात पुसत मागे येऊन उभी राहिली. "काय झालं?"

"लटकलेत."

"मग सोडा ना. अंगठा पांढरा पडलाय."

"सोडायचं नाही."

"चाकू?"

"नाहीये."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. मग तिचा ओला अंगठा माझ्या अंगठ्यावर ठेवला आणि दाबला. त्याने पट्टीला काही फरक पडत नाही. मी तिला ते सांगितलं नाही.

पाव.

"कोण आलंय तिथे?" आत्यांनी विचारलं.

"मास्तरांची बायको," ही मोठ्याने म्हणाली. या वेळी चेष्टा नव्हती.

"पाठ सरळ करायला सांगा त्यांना!"

पट्टी संपली.

६००
"गेलो!"
३००
"पण कवळी कुणाची होती ते तर—"
१००
०

तिघंही नदीकाठी पडलो, एकमेकांवर. लाल टोपी माझ्या डोक्यावरून गेली, दोन-चार वेळा पाण्यावर उलटीपालटी झाली आणि वाहत गेली. तिच्यामागे कुणी धावलं नाही. गारवाला हसू आवरेना. बायकोने माझा अंगठा चोळायला घेतला.

पडद्यावर काहीच अक्षरं आली नाहीत. दोर तुटला नव्हता. तिघांच्या कमरेला तो तसाच होता.

"आता सोडा श्वास," आत्या म्हणाल्या. "मास्तर, सोडा."

मी सोडला.