पूल बघायला गेलेला होडीवाला

ज्याच्या पोटावर पाय यायचा, त्यालाच तो पाय केवढा आहे हे बघायला पाठवायचं, ही अक्कल तात्यांची. तात्या म्हणजे खाडीकाठच्या नारळाच्या वाडीचे मालक. अलिबागच्या कचेरीत आयुष्य घालवून गावी परतलेले आणि आता गावाचं भलं करायच्या मागे लागलेले. देश स्वतंत्र होऊन दहा वर्षं झाली, तरी गावच्या खाडीवर पूल नव्हता. होती ती अंबाजीची होडी. त्याच्या बापजाद्यांपासून गावाला तीच पल्याड नेई आणि सुगीला घरटी भात अंबाजीच्या अंगणात येऊन पडे. आता सरकारातून पुलाची विचारणा झाली होती, पण अंबाजीने ‘व्हय’ म्हटल्याशिवाय हो म्हणायला गावाचं मन घेईना.

“अंबाजी, तू एकदा खारपेठेला जाऊन ये,” तात्या म्हणाले. “नदीवरचं शहर आहे, तऱ्हेतऱ्हेचे पूल आहेत. पायी जायचे आहेत, शिडाचे मोठे पडाव खालून जावेत म्हणून उचलायचाही आहे. सोनाबाईला घेऊन जा, तेवढंच तिचं फिरणं होईल. आल्यावर हो म्हण नाहीतर नाही म्हण.”

अंबाजीचं ‘नाही’ घरून निघतानाच तयार होतं. वल्ही मारून मारून त्याचे खांदे उतरले होते, रात्री कूस बदलताना तो कण्हत असे. पण होडी गेली तर आपण कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. नाही म्हणायला तरी जाऊन यावं, म्हणून तो एस.टी.त बसला. त्याची बायको सोनाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून खिडकीशी बसली आणि धुळीने पांढरी होत गेली. हौसेने फिरणाऱ्या लोकांची अंबाजीला गंमत वाटली. दिवसभर होडी मारून माणूस एवढं दमत नाही.

खारपेठ नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेली होती आणि जागोजागी पुलांनी सांधलेली. पहिला पूल लाकडी, बाजाराकडे जाणारा. अंबाजी त्याच्या तोंडाशी गेला, वाकून फळीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि थांबला. सोनाबाई चार पावलं पुढे जाऊन वळली.

“काय झालं?”

“येऊ दे की मानसं,” अंबाजी म्हणाला.

मागून भाजीची पाटी घेतलेली बाई आली. “मामा, वाट अडवू नका,” म्हणत ती त्याला कोपराने बाजूला सारून गेली.

“पूल हाय हो,” सोनाबाई म्हणाली. “त्याला भरायला लागत न्हाय.”

अंबाजी ओशाळला. पण पुढच्या दगडी पुलापाशीही तेच झालं आणि त्याच्या पुढच्या लोखंडी पुलापाशीही. पाय आपोआप थबकत. होडीत चार माणसं बसल्याखेरीज काठ सोडायचा नाही, ही आयुष्यभराची सवय. त्यातून बापाने घालून दिलेला एक नेम होता. होडी गावाची, म्हणून घरच्या एकट्या माणसासाठी ती काढायची नाही. दुसरं कुणी जाणारं असेल तर घरच्याने कडेला बसावं. अंबाजीने हा नेम कधी मोडला नव्हता आणि त्याचा त्याला अभिमान होता.

प्रत्येक पुलात तो खोड काढत गेला. हा डुगडुगतो, त्याच्यावर ऊन लागतं, इथे कुणी कुणाची विचारपूस करत नाही. सोनाबाई मात्र जायची, पलीकडच्या काठाला पाय लावायची, परत यायची आणि पुन्हा जायची. गुडघे धरून चालणारी बाई, तिला हे काय खूळ लागलं, ते अंबाजीला कळेना.

उचलता पूल शेवटी, धक्क्यापाशी. ऊन डोक्यावर आलं होतं, दोघांचे पाय भरून आले होते. सोनाबाई पुढे गेली. अंबाजी सवयीने तोंडाशी थांबला, मागून कुणी येतं का बघू लागला. एवढ्यात घंटा झाली. दोन माणसांनी आडवी साखळी ओढली, रहाट करकरला आणि मधली फळी हळूहळू आभाळाकडे उठली. खालून शिडाचा पडाव येत होता.

“बघ,” अंबाजी स्वतःशीच खुशीत म्हणाला. “इथं पन थांबायलाच लागतंय.”

पण पडाव एकटा नव्हता. मागे दुसरा, त्यामागे तिसरा, आणि वारा पडलेला. पलीकडे सोनाबाई कठड्याला टेकून खाली बसली होती, गाठोडं मांडीवर घेऊन. अंबाजीने हात हलवला. तिने बघितलं नाही. तहान लागली असेल, तांब्या तर आपल्याजवळ, असं त्याला वाटलं. त्याने साखळीवाल्याला विचारलं, “मला तेवढं जाऊ द्याल का? मानूस हाय माझं तिकडं.” साखळीवाला म्हणाला, “एकट्यासाठी पूल खाली येत नाही.”

गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली सोनाबाई त्याने आधी एकदा बघितली होती. सुगीचे दिवस, सगळं गाव शेतात. पलीकडून, तिच्या माहेरच्या काठावरून, भावाने हाक घातली होती की आईचं काही खरं नाही, लवकर ये. सोनाबाई सकाळीच काठावर येऊन बसली. होडी तिथेच बांधलेली, अंबाजी तिथेच जाळं सांधत बसलेला, आणि पल्याड जाणारं दुसरं कुणीच नव्हतं. तिने होडी मागितली नाही, त्याने काढली नाही. दिवस कलताना माणसं आली, तेव्हा तो तिला घेऊन गेला. तोवर आई गेली होती.

त्या दिवशी आपण नेम पाळला, एवढंच आजवर अंबाजीला आठवत होतं. आज तो साखळीला हात लावून उभा होता. आपण फार वाईट वागलो, हे त्याला इतक्या वर्षांनी कळलं.

पूल खाली आल्यावर तो तिच्यापाशी गेला. ती पाणी प्याली.

परतीच्या गाडीने दोघं गावच्या काठाला आली, तेव्हा सूर्य खाडीत टेकला होता. अंबाजी घराकडे न वळता होडीपाशी गेला आणि दोर सोडू लागला.

“चल, बस,” तो म्हणाला. “भावाकडं सोडतो.”

“आनखी कोन हाय जायला?”

“कोन न्हाय. तू एकटीच.”

सोनाबाई पलीकडच्या काठाकडे बघत राहिली. तिथला भावाच्या अंगणातला फणस अजून दिसत होता.

“तवा काढायची होती,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, दमणूक होती. “आता पाय गेले माझे. घरला चला.”

गाठोडं उचलून ती चालू लागली. अंबाजीने दोर पुन्हा बांधला आणि तसाच तात्यांच्या पडवीत गेला. तात्या चहा घेत होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

“काय ठरलं, अंबाजी?”

“व्हय म्हनून कळवा.”

“कुठला आवडला? तो उचलायचा बघितलास?”

“बघितला,” अंबाजी म्हणाला. “तसला नको. हवा तर उंच बांधा, पन उघडनारा नको. घरच्या बाईला एकटीला, कुनाला न इचारता जाता यावं, असा बांधा.”